पायांची वळवळ जाते आणि परत येते: आयर्नची सलाईन परवडेल अशी कशी लावून घ्यायची, आणि आपण दरवेळी कुठे चुकतो

आधी हे कुणी वाचायचं ते सांगते. रात्री साडेनऊ-दहाला अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी हुळहुळायला लागतं, दुखतं म्हणावं तर दुखत नाही, मुंग्या म्हणाव्यात तर मुंग्या नाहीत, नुसतं आतून पाय हलव पाय हलव असं होतं, हलवला की दोन सेकंद बरं आणि परत चालू, उठून घरभर फिरलं की गायब आणि पडलं की हजर, असं ज्यांचं होतं त्यांनी वाचा. पायात गोळे येणं हे नाही, गोळ्यात पोटरी दगडासारखी होते आणि माणूस ओरडतो. शुगरवाल्यांचे तळपाय जळजळतात तेही हे नाही, ते फिरून थांबत नाही. फिरलं की थांबणं आणि संध्याकाळनंतरच वाढणं या दोन खुणा पक्क्या असतील तर बहुतेक रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, म्हणजे आरएलएस. लंडनच्या थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरनं 1672 मध्येच याचं वर्णन लिहून ठेवलंय आणि 1945 च्या सुमारास एकबॉम नावाच्या स्वीडिश डॉक्टरनं त्याला नाव दिलं, म्हणून विलिस-एकबॉम पण म्हणतात. हे सांगायचं कारण एवढंच की घरातले "मनाचे खेळ आहेत" म्हणाले तर त्यांना सांगा, साडेतीनशे वर्षं जुना आजार आहे.

माझं वय 41, सांगली जिल्ह्यात एका पतसंस्थेत कॅशला बसते. दोन वर्षं मी डॉक्टरांना "पाय दुखतात" असं सांगत होते आणि तिथेच पहिली चूक होती, कारण पाय दुखतात म्हटलं की कॅल्शियम मिळतं, बी-ट्वेल्व्हची लाल इंजेक्शनं मिळतात, फार तर शिरांचा डॉपलर. सासूबाईंनी तिळाचं तेल चोळलं, नवऱ्यानं पायाला ओढणी घट्ट बांधून दिली, एकदा रातराणीनं मुंबईला जाताना साताऱ्याच्या पुढे मी एसटीच्या मधल्या पॅसेजमध्ये दांडा धरून उभी, कंडक्टर म्हणाला ताई सीट आहे की बसा, आता त्यांना काय सांगू की बसताच येत नाही म्हणून उभी आहे. तेव्हा पहिलं काम, डॉक्टरपुढे "पाय दुखतात" म्हणू नका, "रात्री पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, चाललं की थांबतं" असं सांगा. या एका वाक्यानं माझे एमडी डॉक्टर खुर्चीत सरळ झाले.

आता आयर्नचा काय संबंध. मेंदूत डोपामिन (हालचाली सांभाळणारं रसायन) बनवायला लोह लागतं, आणि आरएलएसवाल्यांच्या मेंदूत लोह कमी पडतं, कधीकधी रक्तातलं ठीकठाक दिसत असलं तरी. म्हणून हिमोग्लोबिन बघून काही कळत नाही. माझं हिमोग्लोबिन 12.1 होतं, सगळे म्हणायचे अॅनिमिया कुठाय, पालक खा. बघायचं ते फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाचा आकडा, आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या लोह वाहणाऱ्या प्रथिनावर किती टक्के लोह भरलंय ते. माझं फेरिटिन आलं 28, आणि रिपोर्टवर शेजारी नॉर्मलची रेंज छापलेली 10 ते 291, म्हणजे काळ्या ठशात "नॉर्मल". लॅबचं चुकलं नाही, ती रेंज सगळ्या जनतेसाठी असते, पण आरएलएससाठीचं गणित वेगळं आहे. 2018 मध्ये या आजाराच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाच्या तज्ज्ञांनी जे ठरवलं त्यात फेरिटिन 75 किंवा खाली असेल तर गोळ्या सुरू करायच्या, आणि गोळ्या लागू पडत नसतील किंवा सोसत नसतील तर 100 च्या खाली शिरेतून द्यायचा विचार करायचा, सॅच्युरेशन 45 टक्क्यांच्या खाली असेल तरच. 2025 च्या अमेरिकन गाइडलाइननंही शिरेतून द्यायच्या फेरिक कार्बोक्सीमाल्टोज या आयर्नच्या औषधाची, म्हणजे आपण ज्याला एफसीएम म्हणतो त्याची, ठाम शिफारस केली आणि वर्षानुवर्षं ज्या प्रामिपेक्सोल-रोपिनिरोलच्या गोळ्या पहिल्यांदा लिहायचे त्या मागे टाकल्या, कारण त्या आधी छान चालतात आणि मग हळूहळू त्रासच वाढवतात, रात्री दहाला येणारा त्रास दुपारी चारला यायला लागतो, हातात पण शिरतो.

टेस्टची भानगड. नुसतं "आयर्न करा" सांगितलं तर लॅबवाले सिरम आयर्न एकच करून देतात, ते सकाळी एक आणि संध्याकाळी एक असतं, त्याला एकट्याला अर्थ नाही. चिठ्ठीवर सिरम आयर्न, टीआयबीसी (रक्त एकूण किती लोह धरू शकतं ते) आणि फेरिटिन तिन्ही लिहून घ्या. सॅच्युरेशन रिपोर्टवर नसलं तर घरी काढता येतं, आयर्नला टीआयबीसीनं भागा आणि शंभरनं गुणा. माझं 48 भागिले 372, म्हणजे 13 टक्के. सकाळी उपाशीपोटी द्या आणि आधी दोन दिवस आयर्नची गोळी बंद ठेवा. आणि ताप, दाढेची सूज, लघवीचं इन्फेक्शन असं काही चालू असेल तर बरं होईपर्यंत थांबा, कारण अंगात सूज असली की फेरिटिन खोटं वाढून दिसतं. आमच्या ऑफिसातल्या एकाचं चिकनगुनियानंतर 240 आलं आणि तो खूश, तीन महिन्यांनी 52. अजून एक, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) कमी आणि फेरिटिन मात्र चांगलं असेल तर थॅलेसेमिया मायनरची एचपीएलसी टेस्ट करून घ्या, तिथे आयर्न ओतून काही होत नाही, उलट नुकसान. पैशाचं म्हणाल तर त्याच तीन टेस्टना एका लॅबनं मला 1,150 सांगितले आणि गल्लीच्या पलीकडे दुसऱ्यानं 700, त्यामुळे फोन करून विचारायची लाज बाळगू नका.

मग पहिली सलाईन, जानेवारी 2024. एका खासगी दवाखान्यात, नाव सांगत नाही. "आयर्न चढवायचंय ना, ॲडमिट व्हा" म्हणाले, झाले बाई ॲडमिट. सलाईन चढायला वीस मिनिटं लागली आणि बिल 14,380. त्यात इंजेक्शन छापील एमआरपीनं, दिवसाचा बेड, दोन वेळची व्हिजिट (दुसऱ्या वेळी डॉक्टर दारातून "बरंय ना" म्हणून गेले), नर्सिंग चार्ज, आणि हातमोजे-कापूस असलं अकराशेचं. मेडिक्लेमवाल्यांनी हात वर केले, 24 तास ॲडमिट नव्हता आणि डे-केअरच्या यादीत हे बसत नाही. महात्मा फुले योजनेच्या काउंटरला पण विचारून झालं, नाही बसत म्हणाले. म्हणजे हा खर्च खिशातूनच होणार हे धरून चाला आणि तो खालीच कसा आणायचा ते बघा.

त्या रात्रीची गोष्ट मुद्दाम सांगते. सलाईनच्या आधी सिस्टरनी ट्रेमधून दोन सिरिंज आणल्या, मी विचारलं हे काय, तर म्हणाल्या एव्हिल आणि डेक्सा, रिॲक्शन येऊ नये म्हणून, सगळ्यांनाच देतो. मला काय माहीत. घरी आले, जेवले, पडले, आणि त्या रात्री पाय जे नाचलेत ते आयुष्यात तसे नाचले नव्हते, पहाटे चारपर्यंत मी अंगणात चपला घालून फेऱ्या मारतेय आणि मनात एकच, चौदा हजार पाण्यात गेले. नंतर कळलं की एव्हिलसारखी झोप आणणारी ॲलर्जीची औषधं आरएलएसला तेल ओततात. सर्दीच्या गोळ्यांत पण तीच असतात, उलटीसाठी देतात ते पेरिनॉर्म पण तसंच, डिप्रेशनच्या काही गोळ्या पण. शिवाय आजच्या एफसीएमला आधीपासून ॲलर्जीचं औषध द्यायची सरसकट गरज नसते. दुसऱ्या वेळी मी डॉक्टरांशी आधीच बोलून घेतलं की मला आरएलएस आहे, एव्हिल रूटीन म्हणून नको, तेही हो म्हणाले आणि केसपेपरवर लाल पेनानं लिहिलं. खरी रिॲक्शन आली तर ते जे द्यायचं ते देणारच, तिथे वाद घालायचा नाही.

आणि परिणाम लगेच येत नाही हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मला पाचव्या आठवड्यात फरक जाणवला. काहींना दहा-बारा आठवडे लागतात. एका सकाळी उठले आणि लक्षात आलं की रात्री आपण एकदाही उठलो नाही, बस, वाजत-गाजत काही आलं नाही.

ऑक्टोबर 2024 ला परत सुरू. फेरिटिन 41.

इथून पुढे मी जे केलं ते स्वस्तात करायच्या नादात केलं आणि त्यातलं अर्धं वाया गेलं, ते पण सांगते म्हणजे तुमचं जाणार नाही. आधी गोळ्या. फेरस अॅस्कॉर्बेट 100 ची, दिवसातून दोनदा, लवकर भरेल म्हणून. भरलं काही नाही, पोट मात्र दगड झालं. कारण असं की एक गोळी घेतली की लिव्हरमधून हेप्सिडीन नावाचं हार्मोन सुटतं आणि ते दिवसभर तरी आतड्यातून लोह आत घेणं आवळून धरतं, म्हणजे दुसरी गोळी नुसती पोट बिघडवायला. एक दिवसाआड एकच गोळी, उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर, हे जास्त बरं. आणि चहा! मी सकाळी गोळी आणि पाच मिनिटांत कपभर चहा, चहातल्या टॅनिननं लोह धरून ठेवलं आणि बाहेर. दोन तास तरी अंतर हवं, आणि आपल्याकडे सकाळचा चहा दोन तास थांबवणं म्हणजे घरात भांडण, म्हणून मी गोळी दुपारी जेवणाआधी तासभर हलवली. तीन महिन्यांनी फेरिटिन 47. वाढ फक्त सहाची. ज्यांचं पोट सोसतं आणि रक्त कुठून जात नाही त्यांना गोळ्यांनी होतं, त्यांनी आधी तेच करावं, सर्वात स्वस्त तेच. माझं नाही झालं.

मग सरकारी दवाखाना. ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात आरोग्य खात्याच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपरसकट सगळं मोफत आहे (मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्यात येत नाहीत, ती वेगळ्या खात्याची). तिथे आयर्न सुक्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं दुसऱ्या प्रकारचं आयर्न, असतं, बाळंतपणाच्या वॉर्डसाठी. मेडिकल ऑफिसर मॅडम चांगल्या होत्या, रिपोर्ट नीट बघितले, पण म्हणाल्या हिमोग्लोबिन 11.6 वर मी तुम्हाला दिलं आणि उद्या सहा ग्रॅमवाली गरोदर बाई आली तर काय करू. त्यांचं बरोबरच होतं. तरी स्टॉक होता म्हणून दोन डोस दिले. पण सुक्रोजचं असं आहे की एका बैठकीत 200 मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत, म्हणजे हजारासाठी पाच चकरा, एका आठवड्यात फार तर तीन. प्रत्येक चकरेला अर्धी रजा, जाऊन-येऊन एसटी, आणि पतसंस्थेत कॅश मोजायला दुसरं कुणी नाही, त्यामुळे फुकटचं आयर्न मला पाच अर्ध्या रजांना पडणार होतं. रोजंदारीवाल्या बाईला तर पाच हजेऱ्या. आणि आरएलएससाठी सुक्रोजचा पुरावा एफसीएमपेक्षा बराच कच्चा आहे. अॅनिमियासाठी ते उत्तम, हिमोग्लोबिन पण खाली असेल आणि दवाखाना घराजवळ असेल तर जरूर घ्या. मी दोन डोसांवर थांबले.

आता मुद्द्याचं, स्वस्तात एफसीएम. ऑक्टोबर 2023 मध्ये या औषधाचं भारतातलं पेटंट संपलं आणि त्यानंतर ढीगभर कंपन्यांनी काढलं. पण गंमत अशी की एमआरपी बऱ्याच जणांनी चढीच छापलीय आणि दुकानदाराला मिळतं त्याच्या कितीतरी खाली. सलाईन-इंजेक्शनांच्या धंद्यात हे जुनंच आहे, 2018 मध्ये औषध किंमत प्राधिकरणानं दिल्ली भागातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली तेव्हा काही वस्तूंवर 1,700 टक्क्यांच्या वर नफा निघाला होता. म्हणजे तुम्ही जे वाचवायचं ते इथे, इंजेक्शनच्या खरेदीत, आणि बेडमध्ये. डॉक्टरच्या फीमध्ये नाही.

मी काय केलं तर डॉक्टरांना सांगितलं ब्रँड न लिहिता कंटेंट लिहून द्या, फेरिक कार्बोक्सीमाल्टोज 500 मिलिग्रॅम, 10 मिली, दोन व्हायल, आणि कारण म्हणून "लोहाची कमतरता, गोळ्यांनी उपयोग नाही" असं लिहून द्या, जे खरंच होतं. ती चिठ्ठी घेऊन मिरजेला गेले, मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, मेडिकलच्या रांगाच रांगा. चार दुकानांत एकच प्रश्न विचारला, एफसीएम पाचशेची, एमआरपी नको, तुमचा रेट सांगा. पहिला 2,650 म्हणाला, तीच एमआरपी. दुसरा 10 टक्के कमी. तिसऱ्याकडे नव्हतं. चौथा होलसेलचं पण काम करणारा, त्यानं वेगळ्या कंपनीची 1,080 ला एक सांगितली, नावाजलेली कंपनी, फक्त जेनेरिक डिव्हिजनची. बॅच नंबरसकट पक्कं बिल घेतलं, एक्स्पायरी बघितली, सील बघितलं. एक महत्त्वाचं, दुसऱ्या दुकानातल्या पोरानं मला हातात सुक्रोजच्या अँप्यूल दिल्या होत्या, "आयर्नचंच आहे ताई, सारखंच". सारखं अजिबात नाही! एफसीएम एका वेळी हजार देता येतं, सुक्रोज तसं हजार ओतलं तर जिवाशी खेळ. बॉक्सवरचं नाव स्वतः वाचा, डॉक्टरला दाखवा, मगच. जनऔषधी केंद्रात पण विचारून ठेवा, आमच्याकडे त्यावेळी सुक्रोजच होतं. आणि दवाखानेवाले "औषध आमच्याच मेडिकलमधून घ्या" म्हणाले तर तशी सक्ती करता येत नाही, आपल्या राज्याच्या अन्न-औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, दवाखान्यातल्या मेडिकलना तशी पाटीच लावायला सांगितलीय. मी भांडले नाही, फक्त विचारलं, आणि जिथे नाही म्हणाले तिथून उठून आले.

बेडचं म्हणाल तर ॲडमिशन लागत नाही. हजार मिलिग्रॅम साध्या सलाईनमध्ये, म्हणजे एनएसमध्ये, 250 पर्यंतच्या बाटलीत घालून किमान 15 मिनिटांत जातं आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. डीएनएस (मीठ-ग्लुकोजचं सलाईन) किंवा ग्लुकोजच्या बाटलीत घालत नाहीत हे पण लक्षात ठेवा. तेव्हा "ओपीडीत किंवा कॅज्युअल्टीच्या बेडवर तासाभरासाठी कराल का, मी औषध आणते" असं विचारायचं. एका छोट्या नर्सिंग होमनं तासाचे 800 आणि डॉक्टरांचे 500 सांगितले, सेट-इंट्राकॅथ-बाटली मिळून 180. म्हणजे दोन व्हायलचे 2,160 धरून 3,640. चौदा हजारांचं काम. फोन मात्र नऊ दवाखान्यांना करावे लागले, त्यातल्या तिघांना मी काय विचारतेय तेच कळलं नाही.

जिथे पैसे वाचवायचे नाहीत ती जागा पण सांगते. घरी कंपाउंडरला बोलावून लावून घेऊ नका, पाचशे रुपयांत लावून देणारे भेटतात. गंभीर रिॲक्शन क्वचित येते पण आली तर ॲड्रेनालिन आणि ऑक्सिजन हाताशी लागतो, तिथे डॉक्टर हजर लागतो. कमरेत देतात ते आयर्नचं इंजेक्शन पण नको, दुखतं आणि डाग पडतो. ताप-इन्फेक्शन चालू असताना नाही, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नाही, आणि वजन 50 किलोच्या आत असेल तर एका वेळी पूर्ण हजार देत नाहीत, डॉक्टर हिशोबानं देतात. छातीत एकदम दडपल्यासारखं किंवा पाठीत भरल्यासारखं झालं तर लगेच सांगा, बहुतेक वेळा सलाईन थांबवली की पाच-दहा मिनिटांत जातं आणि मग हळू चालू करतात. ओठ-चेहरा सुजणं, श्वास लागणं हे मात्र वेगळं, त्यात क्षणभर थांबायचं नाही.

आणि शीर. एफसीएम कोऱ्या चहासारखं गडद असतं. शिरेतून बाहेर गळलं तर कातडीत तसाच तपकिरी डाग राहतो, माझ्या मैत्रिणीच्या कोपराच्या वाकणात दीड वर्ष झालं तरी आहे, बांगडीएवढा, ती अजून लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेते. म्हणून कोपर किंवा मनगट वाकतं तिथे नाही, हाताच्या मधल्या भागात चांगली शीर बघून इंट्राकॅथ लावायला सांगा, आधी नुसती सलाईन सोडून बघायला सांगा, आणि चालू असताना मोबाईल त्या हातात धरू नका. जळजळलं की लाजू नका, ओरडा. माझ्या वेळी सिस्टर पहिल्यांदा चुकल्या, बुडबुडा आला, त्यांनी स्वतःहून काढून दुसऱ्या हाताला लावलं, तेवढं सोसायचं.

नंतर दोन-तीन आठवड्यांनी खूप गळाठल्यासारखं झालं, हाडं दुखली तर फॉस्फरस तपासा. एफसीएमनं काहींचं फॉस्फरस खाली जातं, आणि थोड्याच महिन्यांत परत परत घेतलं तर जास्त. "आयर्न घेतलं तरी अशक्तपणा" म्हणून लोक परत आयर्न मागायला जातात, तो उलटा रस्ता.

फेरिटिन परत कधी करायचं? आठ आठवड्यांनी. माझ्या नवऱ्यानं उत्साहात दहाव्या दिवशी करायला लावलं, आलं 600 च्या वर, घाबरलो सगळे, सातशे रुपये गेले आणि त्या आकड्याला काही अर्थ नव्हता, ते नुसतं ताजं ओतलेलं दिसत होतं. आठ आठवड्यांनी 196.

आता परत का येतं याचं, जे मला सगळ्यात उशिरा कळलं. टाकी भरतोय आणि खाली नळ चालूच. धाकट्याच्या वेळेनंतर मी तांबी बसवली होती, तेव्हापासून पाळी सात-आठ दिवस, दोन दिवस तर दर दोन तासांनी पॅड, आणि मला वाटायचं तांबी आहे म्हणजे असंच असणार. तांबीनं पाळीचं रक्त वाढतं हे खरंच आहे, पण मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम लोह जातं या हिशोबानं माझी टाकी नऊ महिन्यांत रिकामी होणं ठरलेलं होतं. मे महिन्यात स्त्रीरोग डॉक्टरांनी तांबी काढून हार्मोनवालं बसवलं, दोन-तीन महिने डाग-डाग चालू होतं, आता पाळी नावाला. पुरुषांनी मूळव्याध लपवू नये, गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घेणाऱ्यांनी पोटातून रक्त जातंय का बघावं, वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी खाणाऱ्यांचं लोह नीट शोषलं जात नाही, आणि दर तीन महिन्यांनी रक्तदान करणाऱ्यांनी, हो ते पण, एका बाटलीत सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर आणि पाय रात्रभर नाचतायत असा आमचा एक शाखाधिकारी आहे, त्याला मी ओळखते. पन्नाशीनंतर पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी आलं तर सलाईनच्या आधी पोटाची तपासणी, ते टाळू नका, कधीकधी ते मोठ्या आजाराचं पहिलं लक्षण असतं.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला पण हेच, घराण्यातच आहे आमच्या, आजी पण रात्री पाय आपटायची. तिकडे इन्शुरन्सवाले आधी महिनोन् महिने गोळ्या खा म्हणतात आणि सलाईनचं बिल हजारो डॉलरमध्ये. डिसेंबरात लग्नाला आला तेव्हा त्यानं पण त्याच नर्सिंग होममध्ये, त्याच मेडिकलमधून औषध घेऊन सलाईन लावून घेतली. त्याचं फेरिटिन 64 होतं आणि तिकडचे सगळे रिपोर्ट तो घेऊन आला होता म्हणून डॉक्टरांनी केलं, रिपोर्ट नसते तर केलं नसतं.

ज्यांचं फेरिटिन शंभरच्या बऱ्यापैकी वर आहे त्यांनी सलाईनच्या मागे धावू नये, पैसे जातील. त्यांनी आधी घेत असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरला दाखवावी, मग गॅबापेंटिन-प्रिगाबालिनसारखं काय ते डॉक्टर ठरवतील. किडनीवाले, डायलिसिसवाले यांचे आकडे वेगळे असतात, त्यांनी त्यांच्याच डॉक्टरला विचारायचं.

परत सलाईन घ्यायची झाली तर पहिलीचा उपयोग झालेला हवा, त्रास खरंच परत आलेला हवा, मधे किमान 12 आठवडे गेलेले हवेत आणि टेस्ट नव्यानं केलेली हवी. "मागच्या वर्षी लावली होती, यंदा पण लावू" असं करू नका, जास्तीचं लोह शरीर बाहेर टाकत नाही, लिव्हरमध्ये साठतं.

माझं डिसेंबरचं फेरिटिन 151, सॅच्युरेशन 27. आठवड्यातून एखादी रात्र अजून पाय कुरकुरतात, जास्त करून लग्नात उशिरा जेवून कॉफी प्यायली की. तेव्हा बादलीत सोसेल एवढं गरम पाणी घेऊन पोटऱ्यांपर्यंत पाय बुडवून बसते, दहा मिनिटं, मग पोटऱ्या ताणायच्या, भिंतीला हात लावून. परवा रातराणीनं मुंबईला गेले तर कडेचीच सीट मागून घेतली, सवयीनं. खंबाटकी घाट कधी गेला कळलं नाही, वाशीच्या पुलावर कंडक्टरनं उठवलं.